साठी, बुद्धी आणि एक पिवळा रंग

आपल्या सीमाभागातल्या घरांत म्हणींना तोटा नाही. मराठीत आपण म्हणतो, ‘साठी बुद्धी नाठी’. कन्नडमध्ये म्हणतात, ‘अरवत्तक्के अरळु मरळु’. दोन्हींचा अर्थ एकच. साठी आली की माणसाचं डोकं चालेनासं होतं. एरवी या दोन भाषा कशाकशावरून भांडत असतात, पण म्हाताऱ्या माणसांना नावं ठेवण्याच्या बाबतीत त्यांचं अगदी एकमत दिसतं!

आमच्या घरात गेली सहा वर्षं या दोन्ही म्हणी आलटून पालटून ऐकू येतात. आल्यागेल्यांपैकी कुणी ना कुणी त्या म्हणतंच. म्हणून या दोन्ही म्हणी खोट्या कशा आहेत, हे एकदा नीट लिहून काढावं असं वाटलं. मी बेळगावच्या एका पदवीपूर्व महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. त्यामुळे सांगणं थोडं रसायनशास्त्राच्या वाटेनं जाईल. वाचकांनी घाबरून पान उलटू नये. साबण, हळद आणि विरजण ही तीन नावं ओळखीची असली म्हणजे पुरे.

आधी घरातली गोष्ट सांगते. माझ्या सासूबाईंचं माहेर बैलहोंगलच्या बाजूचं, अस्सल कन्नड घर. शाळा चौथीपर्यंत. अठराव्या वर्षी लग्न होऊन त्या शहापुरातल्या आमच्या विणकराच्या घरात आल्या. घरात तेव्हा माग होते. दिवसभर रहाटावर कांड्या भरायच्या आणि कानावर पडेल तशी मराठी उचलायची, हे त्यांचं शिक्षण. पुढे त्यांची मराठी इतकी घरची झाली, की नव्या माणसाला त्यांचं माहेर कोणतं ते सांगितल्याशिवाय कळत नसे. मला सून म्हणून आमटीच्या फोडणीपासून ओटी भरण्यापर्यंत सगळं त्यांनीच शिकवलं, आणि तेही मराठीत.

सहा वर्षांपूर्वी आमटीत दोनदा मीठ पडायला लागलं. मग एकच प्रश्न तासाभरात चार वेळा. मग एका दुपारी भाजी आणायला गेल्या आणि घराची बोळ सापडेना. आणि हळूहळू त्यांची मराठी जायला लागली. आधी अवघड शब्द गेले, मग सोपे गेले, मग नातवंडांची नावं. राहिली ती कन्नड. हल्ली सकाळी माझ्याकडे पाहून त्या विचारतात, “यारव्वा नी?” कोण गं बाई तू? आणि लगेच मायेनं, “ऊट आतेन?” मी कोण ते आठवत नाही, पण माझं जेवण झालं का याची काळजी मात्र आहे.

घरात सगळ्यांना कन्नड येतं, त्यामुळे बोलणं अडत नाही. अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. कोल्हापूरला असणाऱ्या माझ्या नणंदबाई सुट्टीत आल्या. त्यांच्याशी आई मराठीत एक अक्षर बोलल्या नाहीत. वन्सं स्वयंपाकघरात येऊन रडल्या आणि म्हणाल्या, “पन्नास वर्षं आपल्या घरात राहून शेवटी ती तिच्याच वळणावर गेली. मुद्दाम करते.” आपल्या भागात भाषा ही नुसती भाषा नसते, हे मी वाचकांना काय सांगायचं? ते वाक्य घरात बरेच दिवस घुमत राहिलं. यांनी तर बहिणीशी बोलणंच कमी केलं.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं, की हा अल्झायमर या प्रकारचा स्मृतिभ्रंश आहे. उशिरा शिकलेलं आधी जातं आणि लहानपणी शिकलेलं जास्त टिकतं, असं या आजारात पुष्कळदा दिसतं. पण “मुद्दाम करते” या आरोपाला “आजार आहे” एवढं उत्तर पुरत नाही. आजार म्हणजे ताप, खोकला, सूज. काहीतरी दिसायला हवं. इथे तर माणूस धडधाकट, हसतंय, जेवतंय. मग डोक्यात नेमकं होतं काय? हा प्रश्न यांनी मला विचारला, आणि मी तो माझ्या भाचीला विचारला. ती बंगळूरच्या एका प्रयोगशाळेत संशोधन करते. मेच्या सुट्टीत तिच्याकडे गेले होते, तेव्हा ती म्हणाली, “मावशी, एक दिवस माझ्याबरोबर लॅबमध्ये चल. सांगण्यापेक्षा दाखवते.”

तिनं जे दाखवलं ते कळण्यासाठी आधी साबण बघू. साबणाच्या रेणूला एक डोकं आणि एक लांब शेपूट असतं. डोक्याला पाणी आवडतं. शेपूट तेलाच्या जातीचं, त्याला पाणी नकोसं. पाण्यात साबण थोडाच असेल तर हे रेणू सुटे फिरतात. एका ठरावीक प्रमाणाच्या वर गेले, की ते आपोआप घोळका करतात. शेपट्या आत, डोकी बाहेर. कुणी त्यांना रांगेत उभं करत नाही, कुणी शिट्टी वाजवत नाही. पाण्यात असण्यामुळेच ते जमतात. यालाच रेणूंची स्वयंरचना म्हणतात. साबणाचे असे घोळके होतात ही कल्पना १९१३ च्या सुमारास जेम्स मॅकबेन यांनी मांडली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले संचालक ते हेच.

आता अडचण अशी, की साबणाचं पातळ पाणी नितळ दिसतं. घोळका झाला की नाही, हे डोळ्यांना कळत नाही. साध्या सूक्ष्मदर्शकालाही कळत नाही, इतका तो लहान. मग शास्त्रज्ञांनी एक युक्ती केली. जमावात आपला एक माणूस पाठवायचा आणि त्याच्याकडून खबर घ्यायची. हा माणूस म्हणजे चकाकणारा रेणू.

चकाकणारा म्हणजे काजव्यासारखा नव्हे. काजवा स्वतःचा प्रकाश स्वतः तयार करतो. हे रेणू एका रंगाचा प्रकाश घेतात आणि लगेच दुसऱ्या रंगाचा परत देतात. दुकानदार नोट तपासायला जांभळ्या दिव्याखाली धरतो, तेव्हा नोटेतले धागे चमकतात, तोच हा प्रकार. घरी बघायचं असेल तर चिमूटभर हळद थोड्या स्पिरिटमध्ये ढवळा आणि अंधारात तसल्याच दिव्याखाली धरा (स्पिरिट ज्योतीपासून लांब ठेवा आणि दिव्यात थेट बघू नका). पिवळी हळद हिरवट उजळते. तीच हळद नुसत्या पाण्यात घातली तर फारशी उजळत नाही. रेणू हळदीचाच, पण शेजार बदलला की उजेड बदलतो. सगळी युक्ती या एका गोष्टीवर उभी आहे. पायरीन नावाचा असाच एक रेणू साबणाच्या पाण्यात सोडतात. तो पाण्यात असताना एका तऱ्हेनं उजळतो आणि घोळक्याच्या तेलकट पोटात शिरला की दुसऱ्या तऱ्हेनं. त्याच्या उजेडावरून घोळके नेमके कधी जमले, ते कळतं.

साबणाचं ठीक आहे, पण मेंदूचं काय? मेंदूतही पाणीच आहे, आणि त्या पाण्यात प्रथिनं आहेत. त्यातल्या एका लहान तुकड्याला अमायलॉइड बीटा म्हणतात. चाळीस-बेचाळीस दुव्यांची ही छोटीशी साखळी सगळ्यांच्याच मेंदूत तयार होते आणि निचरून जाते. पण काही वेळा हे तुकडे एकमेकांना चिकटून, एकावर एक रचले जाऊन लांब धागे बनतात. जाडी सुमारे १० नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या काही हजार पटींनी बारीक. विणणारा कुणी नाही, माग नाही, तरी धागा तयार. हीसुद्धा पाण्यातली स्वयंरचनाच. फरक एवढा, की साबणाचा घोळका पाणी वाढवलं की सुटतो. हे धागे सहसा सुटत नाहीत, त्यांच्या गाठी साचत जातात.

त्यांच्या नावाची एक गंमत आहे. १८५४ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्खो यांनी रोग्याच्या शरीरात साचलेल्या अशा एका पदार्थावर आयोडीन टाकलं आणि त्याचा रंग पालटला. शाळेत आपण बटाट्यावर आयोडीन टाकतो, तसंच. त्यावरून त्यांना तो पिष्टासारखा पदार्थ वाटला, म्हणून अमायलॉइड, म्हणजे पिष्टासारखं, हे नाव पडलं. पुढे तो प्रथिनाचा निघाला, नाव मात्र तेच राहिलं. मग आला काँगो रेड, हा मुळात सुती कापडाचा रंग. आणि १९५९ मध्ये व्हॅसर आणि कलिंग या दोघांनी थायोफ्लेविन-टी वापरला. हासुद्धा कापड रंगवण्याचा पिवळा रंगच. आमच्यासारख्या विणकराच्या घरात हे ऐकून बरं वाटणारच! सूत ओळखायला शेवटी रंगारीच उपयोगी पडला.

हा पिवळा रंग काम कसं करतो? त्याच्या रेणूचे दोन भाग एकाच दांडीनं जोडलेले असतात आणि त्या दांडीभोवती ते फिरू शकतात. साध्या पाण्यात त्यांना मोकळीक असते. निळा प्रकाश टाकला की मिळालेली शक्ती ते फिरण्यात उडवून टाकतात, उजेड जवळजवळ देतच नाहीत. पण धागे तयार झाले, की धाग्यांवरच्या बारीक खाचांत हा रेणू अडकतो. यल्लम्माच्या जत्रेत पौर्णिमेच्या गर्दीत सापडलेलं लहान मूल आठवा. अंगणात ते गरगर फिरतं. गर्दीत हात हलवायला जागा नाही, मग ते ओरडतं. तसंच हे. फिरणं बंद झालं, की शक्ती हिरवट-निळ्या उजेडाच्या रूपानं बाहेर पडते. पाणी अंधारं असेल तर धागे नाहीत, उजळलं तर धागे झाले.

भाचीनं मेंदूतलं प्रथिन नव्हे, तर इन्सुलिन घेतलं. ते स्वस्त आणि सहज मिळणारं. आम्ल पाण्यात घालून साठ अंशांपर्यंत तापवलं तर त्याचेही तसलेच धागे होतात. (मधुमेही वाचकांनी इन्सुलिनची कुपी उन्हात ठेवू नये किंवा जोरजोरात हलवू नये असं सांगतात, त्यामागे हेही एक कारण आहे.) त्यात पिवळ्या रंगाचे थोडे थेंब. यंत्र दर काही मिनिटांनी उजेड मोजून पडद्यावर एक ठिपका मांडत होतं. पहिले काही तास ठिपक्यांची रेघ जमिनीला चिकटून सपाट. मला वाटलं, प्रयोग बिघडला. भाची म्हणाली, “थांब गं मावशी, आत्ता काहीच दिसत नाही. पण होत नाहीये असं नाही.” दुपारनंतर रेघेनं मान वर केली आणि भराभर चढत गेली. संध्याकाळी पुन्हा सपाट झाली, पण आता वरच्या पातळीवर. सावंतवाडीहून आंबोलीमार्गे बेळगावला येताना रस्ता जसा आधी सपाट, मग एकदम घाट, मग पुन्हा सपाट, तशीच ती रेघ.

दुसऱ्या दिवशी तिनं ताजं द्रावण घेतलं आणि त्यात आदल्या दिवशीच्या धाग्यांचा एक थेंब टाकला. या वेळी सुरुवातीचा सपाट रस्ता जवळजवळ नव्हताच. रेघ लगेच चढायला लागली. मी पटकन म्हणाले, “अगं, हे तर विरजण!” कन्नडमध्ये आपण हेप्पु म्हणतो, तेच. दुधात विरजण नसेल तर दही लागायला किती वेळ जाईल सांगता येत नाही, विरजण पडलं की काम सुरू. अर्थात विरजणात जिवंत जंतू असतात, इथे जिवंत काही नाही. तयार धाग्यावर नवे रेणू येऊन बसतात, एवढंच. पण पहिला धागा जमायला वेळ लागतो आणि एकदा जमला की पुढचं वेगानं होतं, हे मात्र तसंच. २०१३ मध्ये केंब्रिज आणि लुंड इथल्या शास्त्रज्ञांनी याच पिवळ्या रंगाच्या रेघांचा हिशेब करून दाखवलं, की अमायलॉइड बीटाचे थोडे धागे जमले की नव्या धाग्यांची सुरुवात मुख्यतः जुन्या धाग्यांच्या अंगावरच होते. (विरजण म्हटलं म्हणून कुणी भिऊ नये. रोग्याला भरवल्यानं किंवा त्याच्या शेजारी झोपल्यानं हा आजार लागत नाही.)

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते त्या सपाट रेघेनं. परीक्षानळीतले तास आणि मेंदूतली वर्षं यांची थेट तुलना करता येत नाही, हे खरं. पण मेंदूतही असाच मोठा मुका काळ असतो. थायोफ्लेविनच्याच घडणीवरून तयार केलेलं एक किरणोत्सारी औषध टोचून जिवंत माणसाच्या मेंदूतलं अमायलॉइड स्कॅनमध्ये बघता येतं. त्याचा माणसांवरचा पहिला अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतरच्या अशा अभ्यासांतून कळलं, की विसरणं सुरू होण्याच्या पंधरा-वीस वर्षं आधीपासून हे साचत असतं. म्हणजे आमटीत दोनदा मीठ पडलं त्याच्या किती आधी! ज्या काळात सासूबाई माझं बाळंतपण करत होत्या, तेव्हाच कदाचित आत कुठेतरी पहिला धागा जमत असेल. यात मुद्दाम कुठे आलं? वळण कुठे आलं?

म्हणींचंही तेच. अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये ज्या रुग्ण बाईंची हकिकत पहिल्यांदा मांडली, त्या १९०१ मध्ये दवाखान्यात आल्या तेव्हा ५१ वर्षांच्या होत्या. साठी लांबच होती. आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतात साठीच्या वरच्या दर शंभरांपैकी सुमारे सात जणांना कोणत्या ना कोणत्या प्रकारचा स्मृतिभ्रंश आहे. उरलेल्या त्र्याण्णव जणांची बुद्धी नाठी नाही! वयामुळे धोका वाढतो, पण वय म्हणजे आजार नव्हे.

पिवळ्या रंगाला सगळं दिसतं असंही नाही. अगदी सुरुवातीचे छोटे घोळके त्याला जवळजवळ दिसत नाहीत, आणि अनेक शास्त्रज्ञांना जास्त संशय त्यांचाच आहे. मेंदूत धागे साचूनही शेवटपर्यंत शहाणी राहिलेली माणसं आहेत. शिवाय सासूबाईंचा असा स्कॅन आम्ही केलेला नाही. डॉक्टरांचं निदान लक्षणांवरून आहे. हे सांगून टाकलेलं बरं, नाहीतर एका म्हणीच्या जागी दुसरी म्हण यायची.

शेजारणी सांगतात, हळदीचं दूध द्या. हळदीतला कुर्क्युमिन हा रेणू या धाग्यांना चिकटतो आणि चमकतो, हे खरं आहे. पण चिकटणं वेगळं आणि बरं करणं वेगळं. अल्झायमरच्या रुग्णांना कुर्क्युमिन देऊन ज्या चाचण्या झाल्या, त्यांत गुण दिसला नाही. आम्ही हळदीचं दूध देतो, पण त्यांना आवडतं म्हणून. लेकानेमॅब नावाच्या औषधाला २०२३ मध्ये अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळाली. ते साचलेलं अमायलॉइड काढतं. अठरा महिन्यांच्या चाचणीत घसरण सुमारे २७ टक्क्यांनी मंदावली, थांबली नाही. तेही अगदी सुरुवातीच्या रुग्णांसाठी, आणि मेंदूला सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोका पत्करून. आमच्यासाठी ती वेळ केव्हाच निघून गेली आहे.

आता आपल्या दोन भाषांच्या घरांसाठी एक गोष्ट. हैदराबादला डॉ. सुवर्णा अल्लादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास करून २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांमध्ये आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसला होता. शाळेत न गेलेल्यांमध्येही फरक होता. सगळ्याच अभ्यासांत असं आढळलेलं नाही. पण मी हे वन्संना फोनवर वाचून दाखवलं. म्हटलं, “आईंनी रहाटावर बसून जी मराठी शिकली, तिनं कदाचित आपल्याला त्यांची चार वर्षं जास्त दिली असतील.” त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. त्यानंतर मात्र यांचं आणि त्यांचं बोलणं पुन्हा सुरू झालं.

घरात आता आम्ही सासूबाईंशी कन्नडमध्येच बोलतो. शब्द आठवत नसला तर सुचवतो, परीक्षा घेत नाही. “ओळखलंत का?” असं विचारायचं नाही, आधी आपलं नाव सांगायचं, हा आलेल्यागेलेल्यांसाठी नियम केला आहे. हातात सुताची लडी दिली, की त्यांची बोटं अजून बरोबर कांडी भरल्यासारखी फिरतात. हातांची आठवण सगळ्यात शेवटी जाते म्हणतात.

वाचकांना एकच विनंती. घरातलं मोठं माणूस तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायला लागलं, ओळखीचा रस्ता चुकायला लागलं, तर म्हण म्हणून मोकळे होऊ नका, डॉक्टरांकडे न्या. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा थायरॉइडचा बिघाड असेल, तर उपचारांनी सुधारणा होऊ शकते. आणि अल्झायमरच निघाला, तरी निदान हे तरी कळेल, की समोरचं माणूस आपल्यावर रुसलेलं नाही. दिवाळीला वन्सं येणार आहेत. परवा त्यांनी फोनवर विचारलं, “वहिनी, कन्नडमध्ये ‘बरी आहेस ना’ असं आईला मायेनं कसं विचारायचं? मला ते नीट येत नाही.” मी सांगितलं, “आराम अदीयेन, अव्वा?” त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं.